घरच्यांची मजुरी धरली होती का?

परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवले. आदल्या दिवशी अधिसूचना निघाली, दुसऱ्या दिवशी ती लागू झाली. त्या दिवशी आपली कपाशी कोणत्या अवस्थेत होती? कोरडवाहू रानात पात्या-फुले लागलेली, खताचा हप्ता पडलेला, निंदणी-खुरपणी झालेली आणि फवारणीच्या औषधाची उधारी दुकानदाराच्या वहीत चढलेली. पेरलेले बी काही परत घेता येत नाही. खर्च सगळा होऊन गेला होता आणि भाव ठरायचा बाकी होता.

अधिसूचनेत सवलतीची मुदत ३० सप्टेंबर २०२५ लिहिली होती. काही जणांनी त्यावर समाधान मानले. आपला कापूस दसऱ्यानंतर घरात येणार, तोवर सवलत संपलेली असेल, असा त्यांचा हिशेब. २८ ऑगस्टला सरकारने तीच मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे पहिली वेचणी, दुसरी वेचणी आणि दिवाळीची नड हे सगळे त्या मुदतीच्या आत आले. दहा दिवसांपूर्वी दिलेली तारीख सरकारने स्वतःच पुसली.

हे काही पहिल्यांदा घडले नाही. ५ मार्च २०१२ रोजी कापसाच्या निर्यातीवर बंदी आली. आठवडाभरात ती मागे घ्यावी लागली. त्या वेळचे केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी या निर्णयाची आपल्याला कल्पनाच नव्हती, असे जाहीरपणे सांगितले. देशाच्या कृषिमंत्र्याला जे कळत नाही ते वाडीवरच्या शेतकऱ्याला कसे कळावे? ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री कांद्याची निर्यातबंदी आली. सकाळी लिलाव बंद पडले आणि आपल्या चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा रस्त्यावर येऊन बसले. बंदी उठायला ४ मे २०२४ उजाडला. ज्यांचा लाल कांदा मधल्या काळात विकून झाला होता, त्यांना त्या उठण्याचा काय उपयोग?

शुल्क असावे की नसावे, निर्यात खुली असावी की बांधलेली, यावर आपल्यात दोन मते असू शकतात. त्यावर आपण बैठकांतून पुष्कळ बोललो आहोत, पुढेही बोलू. आज विषय वेगळा आहे. निर्णय कोण करतो आणि कसा करतो, हा तो विषय. निर्णयाची रीत बिघडली असेल तर चांगला निर्णयही शेतकऱ्याच्या डोक्यावर दगडासारखा पडतो.

कापूस तिकडेही पिकतो

आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, दिल्ली लांब आहे म्हणून हे असे होते. उंटावरून शेळ्या हाकल्या की असेच व्हायचे. हे म्हणणे तपासून पाहायचे तर दिल्लीपेक्षाही लांबून चालणारा कारभार पाहिला पाहिजे. असा एक कारभार आहे, आणि त्यात कापसाचा शेतकरीही आहे.

युरोपात ग्रीस आणि स्पेन हे दोन देश कापूस पिकवतात. बल्गेरियात नावापुरता होतो. ग्रीसमध्ये थेसालीच्या सपाट प्रदेशात कापूस हेच मोठ्या पट्ट्याचे नगदी पीक आहे. पण त्या शेतकऱ्याचे शेतीधोरण अथेन्सच्या सरकारला एकट्याने ठरवता येत नाही. ते ठरते ब्रुसेल्समध्ये, युरोपीय संघात. या संघात २७ स्वतंत्र देश आहेत. २४ अधिकृत भाषा आहेत. सुमारे ४५ कोटी माणसे आहेत. आपले खासदार दिल्लीत निदान हिंदीत भांडू शकतात. थेसालीच्या शेतकऱ्याची भाषा ब्रुसेल्सच्या कचेरीत फार थोड्यांना येते. लांबीच मोजायची तर तो आपल्यापेक्षा जास्त लांब आहे.

तिथे कायदा कसा होतो ते थोडक्यात सांगतो. गाडीला चार चाके आहेत असे समजा.

पहिले चाक म्हणजे युरोपीय आयोग. प्रत्येक देशाचा एक, असे २७ आयुक्त त्यात असतात. कायद्याचा मसुदा मांडण्याचा अधिकार जवळपास फक्त याचाच. दुसरे चाक म्हणजे मंत्रिपरिषद. शेतीचा विषय असेल तर २७ देशांचे कृषिमंत्री एकत्र बसतात. तिथे नुसते हात मोजत नाहीत. मसुदा मंजूर व्हायचा तर किमान १५ देश बाजूने हवेत आणि त्या देशांची लोकसंख्या संघाच्या ६५ टक्के तरी भरायला हवी. त्यामुळे मोठे देश लहानांना चिरडू शकत नाहीत आणि लहानांची गर्दी मोठ्यांना बांधू शकत नाही. तिसरे चाक म्हणजे युरोपीय संसद. लोकांनी थेट निवडलेले ७२० सदस्य. शेतीच्या बाबतीत पूर्वी या संसदेला फक्त सल्ला विचारत. १ डिसेंबर २००९ पासून लिस्बनचा करार लागू झाला आणि शेतीचे बहुतेक कायदे संसदेने आणि मंत्रिपरिषदेने मिळून करायचे असे ठरले. चौथे चाक म्हणजे लक्झेंबर्गचे न्यायालय. मूळ करार मोडून कोणी कायदा केला तर ते रद्द करते.

शिवाय दोन रिती ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. मसुदा आला की २७ देशांच्या आपापल्या संसदांना तो पाठवतात आणि आठ आठवडे मिळतात. हा विषय आमच्या देशात सुटण्यासारखा आहे, तुम्ही यात पडू नका, असे त्या कळवू शकतात. दुसरी रीत अशी की प्रत्येक कायद्यात तो का केला याची कारणे लिहिलीच पाहिजेत, असे मूळ करारातच आहे. कारण लिहिले म्हणजे ते खोटे ठरवता येते. न लिहिलेल्या कारणाशी कोण भांडणार?

याला वेळ किती लागतो? २०२३ पासून तिथे जे शेतीधोरण लागू आहे त्याचा मसुदा आयोगाने १ जून २०१८ रोजी मांडला आणि कायदा २ डिसेंबर २०२१ रोजी झाला. साडेतीन वर्षे. लागू व्हायला आणखी एक वर्ष. तेवढ्या काळात आपल्याकडे कांद्याचे धोरण किती वेळा फिरले असते, ते ज्याने त्याने मोजावे.

मसुदा पडतोही. कीटकनाशकांचा वापर निम्म्यावर आणण्याचा मसुदा आयोगाने २२ जून २०२२ रोजी मांडला. शेतकऱ्यांनी विरोध केला, पर्यावरणवाल्यांनी पाठिंबा दिला, दीड वर्ष उघड वाद झाला. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी संसदेने तो फेटाळला. पुढे ट्रॅक्टर रस्त्यावर आले आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोगाच्या अध्यक्षांनी मसुदा मागे घेण्याचे जाहीर केले. तो मसुदा बरा की वाईट हे बाजूला ठेवा. थेसालीच्या शेतकऱ्याला दीड वर्ष आधी ठाऊक होते की असे काहीतरी येते आहे.

लक्झेंबर्गचा निकाल

आता कापसाची गोष्ट. मला वाटते, ती आपल्या प्रत्येक बैठकीत सांगितली गेली पाहिजे.

ग्रीस १ जानेवारी १९८१ रोजी या संघात आला. आत येताना त्याने मे १९७९ मध्ये जो करार केला त्याला कापसाचा एक स्वतंत्र जोडकरार लावून घेतला. ज्या भागात कापूस महत्त्वाचा आहे तिथे त्याला आधार द्यायचा आणि उत्पादकाला रास्त उत्पन्न मिळू द्यायचे, असे त्यात लिहून घेतले. १९८६ साली स्पेन आला, तेव्हा त्याचाही कापूस या आधारात आला. हे आश्वासन कोण्या मंत्र्याने सभेत दिलेले नव्हते. ते करारात होते.

२००४ साली ब्रुसेल्सने कापसाची मदत बदलली. तोवरची मदत कापसाच्या उत्पादनाशी बांधलेली होती. नव्या नियमात ६५ टक्के मदत पिकापासून तोडली, म्हणजे कापूस पेरा वा पेरू नका ती मिळणार, आणि ३५ टक्के फक्त कापूस लावणाऱ्याला एकरकमी क्षेत्रावर. स्पेनचे सरकार लक्झेंबर्गच्या न्यायालयात गेले. एवढ्या मदतीवर कापूस परवडणार नाही, शेतकरी पीक सोडतील आणि जिनिंगचे कारखाने बंद पडतील, असे त्यांचे म्हणणे होते.

७ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने कापसाचा तो सगळा भाग रद्द केला. कारण काय दिले ते नीट वाचा. नव्या नियमात कापूस परवडेल की नाही याची तुलना आयोगाने केली होती. त्या तुलनेत शेतकऱ्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या श्रमासारखी मजुरी धरलेलीच नव्हती. जिनिंगवर काय परिणाम होईल हेही तपासलेले नव्हते. न्यायालय असे म्हणाले नाही की मदत वाढवा. ते म्हणाले, निर्णय घेण्याचा अधिकार तुमचा आहे, पण ज्या गोष्टी मोजायला हव्या होत्या त्या मोजून निर्णय घेतला असे तुम्हाला दाखवता आलेले नाही.

भावांनो, मायबहिणींनो, २५ सदस्य देशांच्या संघाचा कायदा एका प्रश्नावर पडला. घरच्यांची मजुरी धरली होती का? जी बाई सकाळी भाकरी बांधून कापूस वेचायला जाते आणि जिच्या दिवसाचा दाम कुठल्याच वहीत चढत नाही, तिच्या मजुरीचा तो प्रश्न होता.

तो स्वर्ग नाही

इथे थांबलो तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. लंकेत सोन्याच्या विटा असे सांगून कोणाचे भले होत नाही.

न्यायालयाने कायदा रद्द केला, पण दुसरा होईपर्यंत तो चालू ठेवला. नवा कायदा २३ जून २००८ रोजी झाला, आणि त्यातही प्रमाण तेच राहिले, ६५ आणि ३५. फरक एवढाच की या वेळी परिणामांचा अभ्यास करून झाला आणि जिनिंगच्या फेररचनेसाठी पैशाची सोय झाली. कापूस लावणाऱ्या ग्रीक शेतकऱ्याला आजही त्यासाठी वेगळी मदत मिळते, हेक्टरी ७०० युरोंच्या वर. पण मागितले ते सगळे निकालाने मिळाले नाही.

या कारभाराला पाठीमागचे दारही आहे. संसद, मंत्रिपरिषद आणि आयोग यांचे प्रतिनिधी शेवटची तडजोड बंद खोलीत करतात आणि बाहेर येते ते जुळवलेले कागद. मोठ्या कंपन्यांचे आणि मोठ्या शेतमालकांचे दलाल ब्रुसेल्समध्ये बारमाही मुक्काम ठोकून असतात. थेट मदतीचा सुमारे ८० टक्के पैसा २० टक्के खातेदारांकडे जातो, हे आयोग स्वतःच सांगतो. २००५ ते २०२० या पंधरा वर्षांत तिथली सुमारे ५३ लाख शेते कमी झाली आणि ९१ लाख उरली. रीत चांगली असली म्हणजे लहान शेतकरी टिकतोच असे नाही.

आणि त्यांच्या घरात न्याय झाला म्हणून बाहेरच्याला झाला असेही नाही. युरोप-अमेरिकेच्या मदतीमुळे जगातला कापसाचा भाव पडतो, म्हणून माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड या आफ्रिकेतल्या चार देशांनी २००३ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली. कोरडवाहू कापूसवाले तेही आणि आपणही. त्या भावाचा फटका आपल्याही रानात बसतो.

ज्वारीवाल्यांसाठीही एक गोष्ट आहे. स्पेन संघात गेला तेव्हा त्याची बाहेरून येणारी मका आणि ज्वारी संघाच्या कराखाली आली. अमेरिकेचे गिऱ्हाईक तुटले. अमेरिकेने युरोपच्या दारूवर, चीजवर जबर कर लावण्याची धमकी दिली. जानेवारी १९८७ मध्ये तडजोड झाली. स्पेनने दरवर्षी २० लाख टन मका आणि ३ लाख टन ज्वारी बाहेरून कमी करात घ्यायची असे ठरले. म्हणजे जिथे चार चाकांची गाडी आहे तिथेही ज्याच्या हातात काठी आहे त्याचे आधी ऐकतात. काठी नसलेल्याला निदान रीत तरी हवी, ती याचसाठी.

आपल्या घरातली रीत

आता आपल्याकडे वळू. आपला देशही राज्यांचा संघ आहे. राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात तसे लिहिले आहे. शेती हा विषय राज्यांच्या यादीत आहे. बाजार आणि जत्रा हेही राज्यांकडे. मग कापसाचा भाव दिल्लीत कसा ठरतो?

तो दोन दारांनी तिकडे जातो. घटनेच्या समवर्ती यादीतली ३३ वी नोंद १९५४ साली बदलली. तिच्यात खाद्यान्न, गुरांचा चारा, कच्चा कापूस आणि सरकी यांचा व्यापार केंद्राच्याही हाती दिला. सरकीसकट सगळे. दुसरे दार आयात-निर्यातीचे. ते पहिल्यापासून केंद्राच्या यादीत आहे. पेरायचे कष्ट राज्यात आणि भावाची किल्ली केंद्रात, अशी ही वाटणी आहे.

किल्ली केंद्रात असायला हरकत नाही. किल्ली फिरवताना कोणाला विचारायचे, हा प्रश्न आहे. ग्रीसचा कृषिमंत्री ब्रुसेल्सच्या टेबलावर बसतो आणि मत देतो. महाराष्ट्राच्या कृषिमंत्र्याला कापसाच्या आयात शुल्कावर मत आहे का? नाही. तो फार तर पत्र लिहितो. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या २५ व्या कलमाखाली सरकारला जनहितासाठी आवश्यक वाटले की अधिसूचना काढून शुल्क माफ करता येते. संसदेपुढे तो कागद नंतर जातो. निर्यातबंदी १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली अशाच अधिसूचनेने येते. ‘जनहितासाठी’ या एका शब्दात सगळी कारणे आली. त्या जनात कापूसवाला धरला होता की नाही, हे विचारायची सोय नाही. न्यायालयात जाता येते, पण आर्थिक धोरणात आपली न्यायालये सहसा हात घालत नाहीत.

आवश्यक वस्तू कायदा तर १९७६ साली घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवला, म्हणजे मूलभूत हक्कांच्या नावाने त्याला आव्हानच नको. ती भिंत २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने थोडी उतरवली. २४ एप्रिल १९७३ नंतर त्या परिशिष्टात घातलेले कायदे आता घटनेच्या मूलभूत चौकटीवर तपासता येतात. तरी साठ्याची मर्यादा घालणारा कागद निघाला की व्यापारी खरेदी थांबवतो. न्यायालयाची तारीख लागेपर्यंत आपला माल आडतीवर पडून असतो.

२०२० चे तीन शेती कायदे आठवा. ५ जून २०२० रोजी ते वटहुकूम म्हणून आले. २० सप्टेंबरला त्यांपैकी दोन राज्यसभेत गोंधळात, आवाजी मतदानाने मंजूर झाले. वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते रद्द करण्याचे विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झाले. ते कायदे कोणाला पसंत होते, कोणाला नव्हते. पण चर्चेविना आले आणि चर्चेविना गेले, यात शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? ज्यांना ते हवे होते त्यांचे ऐकले नाही आणि ज्यांना नको होते त्यांचेही आधी ऐकले नाही. मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, असे केंद्राने २०१४ साली स्वतःच ठरवले होते. पण तो कायदा नाही. ती केवळ सूचना आहे.

ज्वारीची कथा आणखी वेगळी. तिच्यावर बंदी नाही, शुल्काचा वादही नाही. स्वस्त धान्य दुकानात गहू-तांदूळ आला आणि भाकरीची जागा चपाती-भाताने घेतली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने द्यायचे असे लिहिले होते. पण आपल्या गावच्या दुकानात ज्वारी किती वेळा आली? गहू-तांदळाची खरेदी ठरवताना ज्वारीवर काय परिणाम होईल, हा हिशेब कोणी मांडला असेल तर तो आपल्याला दाखवलेला नाही.

हिशेब मांडायला आपल्याकडे माणसे नाहीत असेही नाही. कृषी खर्च आणि मूल्य आयोग दरवर्षी खर्च काढतो आणि त्यात घरच्यांची मजुरी वेगळी मोजतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये, लांब धाग्याला ८,११० रुपये आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये हमीभाव जाहीर झाला तो याच हिशेबावर. म्हणजे सरकारची एक कचेरी घरच्यांची मजुरी धरून भाव सांगते. दुसरी कचेरी त्या भावाच्या मुळावर येणारा कागद काढते आणि पहिलीचा हिशेब त्या कागदावर कुठेच दिसत नाही.

परक्याला नोटीस, घरच्याला नाही

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना ब्रुसेल्सचा कायदा चांगला ठाऊक आहे. २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराईडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला म्हणून नाशिकची द्राक्षे युरोपात अडकली आणि घरे बुडाली. तो नियम आपण केला नव्हता, तरी आपल्याला लागू झाला. पण त्यातही एक रीत आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमाप्रमाणे असा नवा अंश-नियम करताना मसुदा इतर देशांना कळवावा लागतो आणि हरकतीसाठी साधारण ६० दिवस द्यावे लागतात. गंमत पाहा. ब्रुसेल्सच्या नियमाची नोटीस सात समुद्रांपलीकडच्या देशाला मिळण्याची सोय आहे. दिल्लीच्या अधिसूचनेची नोटीस चांदवडला मिळण्याची सोय नाही.

व्यापार करारांचेही तसेच. भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या वाटाघाटी २००७ साली सुरू झाल्या, २०१३ साली थांबल्या, २०२२ साली पुन्हा सुरू झाल्या. असा करार तिकडे युरोपीय संसदेने संमती दिल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करारावर संसदेचे मत घेण्याचे बंधन नाही. डंकेल साहेबांच्या मसुद्यावर नव्वदीच्या दशकात गावोगाव भांडणे झाली. पण १५ एप्रिल १९९४ रोजी मराकेशला सही झाली ती सरकारची. खासदारांचे मत त्यासाठी लागले नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की युरोप श्रीमंत आहे, त्यांना साडेतीन वर्षे बसून वाद घालणे परवडते. आधी सांगणे, कारण लिहिणे आणि हिशेब दाखवणे याला फारसा पैसा लागत नाही. आपल्या ग्रामपंचायतीलाही ग्रामसभेची नोटीस आधी काढावी लागते. गावाला जे जमते ते देशाला जमत नाही, हे पटणारे नाही.

दुसरा आक्षेप ग्राहकाचा. भाव भडकले तर सरकारने हातावर हात ठेवून बसायचे का? तातडीचा अधिकार तिकडेही आहे. युक्रेनचे धान्य शेजारच्या देशांत तुंबले तेव्हा मे २०२३ मध्ये आयोगाने पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकिया, रुमानिया आणि बल्गेरिया या पाच देशांपुरती गहू, मका, मोहरीवर्गीय तेलबिया आणि सूर्यफूल यांच्या विक्रीवर बंदी घातली. १५ सप्टेंबर २०२३ ला ती संपली. त्यावरही भांडण झाले, काही देशांनी पुढे आपापली बंदी चालू ठेवली. मुदत एकदा वाढवली गेली, पण त्यानंतर दिलेली तारीख संघाने पाळली. तातडी असेल तर तातडी जाहीर करा, कारण लिहा, शेवटची तारीख द्या आणि ती पाळा. रात्रीच्या अंधारात निघालेल्या प्रत्येक कागदाला तातडी म्हणता येणार नाही.

मागायचे काय?

माझ्या मते आपल्या बैठकांनी चार मागण्यांचा ठराव करावा.

एक. कापूस, कांदा, ज्वारी, तेलबिया, कोणत्याही शेतमालाच्या आयात-निर्यातीचे धोरण पेरणीआधी जाहीर व्हावे आणि माल विकून होईपर्यंत ते बदलू नये. खरी तातडी असेल तर ती लेखी कारण आणि पक्की मुदत देऊनच.

दोन. अशा प्रत्येक अधिसूचनेबरोबर हिशेब छापावा. कापूसवाल्याला क्विंटलमागे किती फटका बसेल, घरच्यांची मजुरी धरून पीक परवडेल का आणि जिनिंगचे काय होईल, हे त्यात असावे. मूल्य आयोगाचे आकडे सरकारकडेच आहेत.

तीन. राज्यांना मत मिळावे. हे अशक्य नाही. २०१६ च्या घटनादुरुस्तीने जीएसटी परिषद झाली. तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश. शिफारस मंजूर व्हायला तीन चतुर्थांश लागतात. केंद्राला राज्यांशिवाय आणि राज्यांना केंद्राशिवाय पुढे जाता येत नाही. कराच्या पैशासाठी असे टेबल मांडता येते, तर शेतमालाच्या व्यापारासाठी का नाही?

चार. शेतमालाला हात लावणारा कोणताही परदेशी करार संसदेत चर्चा आणि मतदान होऊनच लागू व्हावा.

मागणी सरकारकडे करायची, पण एक काम आपले आहे. लक्झेंबर्गला स्पेनची बाजू टिकली कारण कापसाच्या हिशेबातून काय गळले ते त्यांना दाखवता आले. उद्या आपल्याला कोणी विचारले की एकरी कापसात घरच्यांचे किती दिवस जातात, तर आपल्यातल्या किती जणांकडे लिहिलेला आकडा आहे? कृषी विद्यापीठाच्या पुस्तकातला आकडा बागायती प्रक्षेत्रावरचा असतो. आपल्या मुरमाड रानातला आकडा आपणच काढायचा आहे.

तेव्हा येत्या हंगामात प्रत्येक गावातून किमान दहा घरांनी एक साधी वही घालावी. पेरणी, खुरपणी, कोळपणी, फवारणी आणि वेचणी. ज्वारीला राखण, काढणी, खुडणी, मळणी आणि कडबा बांधणे. प्रत्येक दिवशी घरातली कोण माणसे रानात होती आणि किती वेळ, एवढेच लिहायचे. बायकांचे दिवस वेगळ्या रकान्यात लिहायचे, कारण तेच आजवर गळत आले आहेत. मजुरीचा दर गावात त्या दिवशी जो चालू असेल तो धरायचा. वहीवर गाव, क्षेत्र आणि जमिनीचा प्रकार लिहावा. विक्री झाल्यावर पट्टी त्याच वहीत चिकटवावी.

हंगाम संपल्यावर या वह्या जिल्हा बैठकीत आणाव्यात. तालुकावार बेरीज करून ती मूल्य आयोगाला, राज्याच्या कृषिमंत्र्याला आणि आपल्या खासदाराला एकाच दिवशी पाठवू. पुढची अधिसूचना निघेल तेव्हा त्या बेरजेवर बोट ठेवून विचारता येईल, घरच्यांची मजुरी धरली होती का?